टॅबवरचा निळा अंगठा

चहा राहू दे, आधी ऐका! दादा जाऊन महिनासुद्धा झाला नाही, आणि त्याचा टॅब दिसला की आई रडते. आज माझं डोकं फिरलं. टॅब उचलला आणि थेट सलीमचाचांच्या मोबाईलच्या दुकानात गेलो.

"चाचा, हा विकून टाका."

"कोण घेणार रे? फोनच ताटाएवढे झालेत की! ऑफिसवाल्यांना लॅपटॉप लागतो. घरून शाळा होती तेव्हा पोरांसाठी घेतलेले टॅब आता कपाटात पडलेत."

"दादा व्यापाऱ्यांना यावरच चादरीची डिझाईनं दाखवायचा."

"आता तीबी फोनवरच मागवतात. थांब, साफ करून बघू."

चाचांनी मागचा निळा डाग पुसायला स्पिरिटचा बोळा उचलला. तो दादाचा अंगठा होता! सूत रंगवता रंगवता तसल्याच हातानं तो टॅब धरायचा.

"चाचा, थांबा!" मी असा ओरडलो की गिऱ्हाईकं दचकली.

"अरे, डाग ठेवला तर फुकटबी कुणी नेणार न्हाय!"

"कुणीच न्हाय?"

"कुणीच न्हाय!"

मी चाचांना मिठीच मारली आणि पळत घरी आलो. आई दारातच उभी होती.

"टॅब कुटं नेलास रं? सगळं घर धुंडाळलं!"

"आई, सोलापुरात कुणालाच नको हाय!"

"मग दे हिकडं," म्हणाली, आणि पदराखाली घेतला.