कोनाड्यातली आर्सेलिया

(ओळखपत्रांचं सरकारी कार्यालय. कारकून येसिदच्या टेबलासमोर आर्सेलिया बसलीय.)

येसिद : मावशी, बोट पुन्हा ठेवा. जरा दाबून.

आर्सेलिया : अरे, आणखी किती दाबू? काचेतून पलीकडे जाईल आता.

येसिद : ठसा उमटतच नाहीये. नुसतं पांढरं दिसतंय.

आर्सेलिया : जन्मभर मासे खवलले या बोटांनी, वर लिंबू चोळलं. रेषा राहतील कुठून? मागल्या वेळच्या बाईनं क्रीम लावून घेतला होता ठसा. तुला एवढंसुद्धा शिकवलं नाही का बोगोटात?

येसिद : क्रीम लावून झालं की आत्ताच. बरं, राहू दे. आधी फोटो घेऊ. सरळ बघा. हनुवटी वर. आणि त्या मागच्या ताईंना बाजूला व्हायला सांगा.

आर्सेलिया : कोण मागच्या?

येसिद : तुमच्या खांद्यामागे उभ्या आहेत त्या. कॅमेऱ्याचा चौकोन सारखा त्यांच्या चेहऱ्यावर जातोय, तुमच्यावर टिकतच नाही.

आर्सेलिया : माझ्या मागे भिंत आहे, पोरा. भिंतीवर कॅलेंडर आहे, तेही मागल्या वर्षीचं.

येसिद : हो की. नाही, आत्ता मला... जाऊ दे. मशीन जुनं आहे. या उकाड्यानं काहीही दाखवतं.

आर्सेलिया : मशीनला काय दाखवायचं ते दाखवू दे, तू मला कार्डाचा तात्पुरता कागद दे. शुक्रवारी मला नदीपलीकडच्या बालगृहात हजर व्हायचंय. नात आहे माझी तिथं. सोल नाव तिचं. बापाकडच्या आजीनं सांभाळली होती, ती म्हातारी गेली. तेव्हापासून पोर परक्यांत पडलीय. कार्ड दाखवणाऱ्या रक्ताच्या माणसालाच देणार म्हणतात. शुक्रवारी कुणी आलं नाही, तर बोगोटाच्या आश्रमात रवानगी. एकदा तिकडे गेली की मला कोण दाखवतंय तिचं तोंड?

येसिद : आणि तिची आई?

आर्सेलिया : माझी मुलगी, युरानी. कामाला गेलीय.

येसिद : कुठे?

आर्सेलिया : नदीच्या वरच्या अंगाला. येईल. तू कार्डाचं बघ.

येसिद : बघतोय. कार्ड हरवलं कुठे?

आर्सेलिया : मी नाही हरवलं. कार्ड आपलं आपण गेलं. माता मारियेच्या तसबिरीमागे ठेवलेलं असतं, कायम. घरात मी एकटी. सकाळी हात घातला तर कार्ड नाही, आणि फळी ओली.

येसिद : ओली म्हणजे?

आर्सेलिया : ओली म्हणजे ओलीचिंब. छप्पर गळायला पाऊस तरी पडायला हवा की नको?

येसिद : बरं. नंबरावरून उघडतो. हं... आर्सेलिया मोस्केरा पालासिओस. हा फोटो तुमचाच ना?

आर्सेलिया : माझाच. असा भोपळ्यासारखा चेहरा दुसऱ्या कुणाचा असणार?

येसिद : त्या दिवशी भिजून आला होतात का? केसांतून पाणी निथळतंय.

आर्सेलिया : काहीतरीच बोलू नकोस. विंचरून, पावडर लावून बसले होते मी खुर्चीवर. वळव ती स्क्रीन इकडे. ...अगं बाई.

येसिद : कॉलरसुद्धा ओली आहे. आणि मावशी, हे खाली लिहिलंय ते... पाणी हवंय का तुम्हाला?

आर्सेलिया : पाणी नको. काय असेल ते पटकन बोल, जीव टांगणीला लावू नकोस.

येसिद : तुमचं कार्ड रद्द झालंय. कारण लिहिलंय : मृत्यू.

आर्सेलिया : कुणाचा?

येसिद : तुमचा.

आर्सेलिया : मग सकाळपासून हा घाम कुणाला फुटलाय?

येसिद : गेल्या महिन्यात एक पथक आलं होतं, जुन्या दफनभूमीची नोंद करायला. भिंतीवरच्या पाट्या वाचून नावं चढवलीत त्यांनी. त्यात तुमचं आहे, पूर्ण नाव. या नावाची दुसरी कोणी बाई होती का गावात?

आर्सेलिया : नाही. ती पाटी मीच लावली.

येसिद : स्वतःच्या नावाची? जिवंतपणी?

आर्सेलिया : तू नवा आहेस, तुला नाही कळायचं. ही माग्दालेना नदी आम्हाला मासे देते, तशी मेलेली माणसंही देते. दिली होती, त्या खूनखराब्याच्या वाईट दिवसांत. वरून कुठून कुठून वाहत यायची. नाव ना गाव. ती सगळी दफनभूमीच्या भिंतीत ठेवलीत, एकेका कोनाड्यात एकेक. आमच्यातला जो तो आपला एक निवडतो. कोनाड्यावर टकटक करायचं, पाण्याचा पेला ठेवायचा, मागणं मागायचं. पदरात पडलं की उपकार फेडायचे. रंग द्यायचा, फुलं वाहायची आणि नाव द्यायचं, आपल्या आडनावासकट. मग तो आत्मा आपल्या घरचा.

येसिद : म्हणजे मेलेल्या माणसाला दत्तक घेता?

आर्सेलिया : बेवारस कशाला ठेवायचं कुणाला? ज्याचं माणूस परत आलं नाही, तो त्या माणसाचं नाव देतो. शेजारच्या ओतिलियानं नवऱ्याचं दिलं. मला छातीत गाठ झाली होती. मी एका बाईचा कोनाडा निवडला आणि म्हटलं, ही गाठ ने, मी तुला माझं नाव देते. गाठ विरघळली. मी शब्द पाळला.

येसिद : पण तुमचंच नाव का?

आर्सेलिया : दुसरं द्यायला नव्हतं माझ्याकडे. आता उपाय सांग, वकिली पुरे.

येसिद : दफनभूमीच्या रखवालदाराचा सहीशिक्क्याचा कागद आणा. त्या कोनाड्यात तुम्ही नाही, अमुक अमुक आहे, असा. मी लगेच नोंद सुधारतो आणि तात्पुरता कागद हातात देतो. पण उद्या सकाळी आणा, परवा शुक्रवार.

आर्सेलिया : अमुक अमुक म्हणजे नावानिशीच हवं?

येसिद : सिस्टीम रिकामी जागा घेत नाही. आणि मावशी, जाताना त्यांनाही...

आर्सेलिया : कुणाला?

येसिद : काही नाही. या तुम्ही.

(दफनभूमी. ऐन दुपार. बेवारसांच्या भिंतीपाशी रखवालदार एलिएसेर शिडीवर बसून चुना लावतोय.)

एलिएसेर : म्हणजे तू मेलीस. आधी कळवायचंस तरी. मी दाढी करून आलो असतो.

आर्सेलिया : चेष्टा पुरे, एलिएसेरभाऊ. खाली उतरा, ती पाटी काढा आणि कागद लिहून द्या.

एलिएसेर : दिलेलं नाव काढून घेत नसतात, आर्सेलिया. हिलारियोनं घेतलं होतं. लॉटरी लागली नाही म्हणून आत्म्यावर रुसला गाढव. त्यानंतर त्याच्या घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी घर विकून गेला.

आर्सेलिया : मी काढून नाही घेत, बदलून देते. दुसरं चांगलं देते.

एलिएसेर : बदलून चालतं. पण तिला विचारून. धर जरा शिडी. हं. एक बोलू? तुझ्या या कोनाड्याचं मला कधीचं खटकतंय.

आर्सेलिया : काय खटकतंय?

एलिएसेर : या उन्हात सगळ्यांचे पेले आटतात. रोज बादली घेऊन भरत फिरतो मी. या बाईचा पेला एकदाही भरावा लागला नाही मला. तू ठेवलास, तो अजून काठोकाठ. वारा सुटला तरी पाणी हलत नाही. ती पीत नाही.

आर्सेलिया : मग माझी गाठ कशी नेली तिनं?

एलिएसेर : तुझं काम केलं. तुझं नाव नाही घेतलं. सरक, पाटी काढतो. स्क्रू बघ, गंजून एकजीव झालेत. माझा खांदा आधीच धड नाही. तिसरा, हा चौथा... अरे देवा.

आर्सेलिया : काय झालं?

एलिएसेर : पाटीच्या मागे बघ. मी हात नाही लावणार.

आर्सेलिया : माझं कार्ड.

एलिएसेर : तूच ठेवलं होतंस का?

आर्सेलिया : मी कशाला ठेवू? पाटी बसवल्यानंतरही त्याच कार्डावर दवाखान्यात गेलेय मी, बँकेत गेलेय. ओलं आहे हो हे. सगळं कोरडं ठक्क, आणि हे ओलं.

एलिएसेर : वास घे.

आर्सेलिया : नदीचा आहे.

एलिएसेर : बस त्या पायरीवर. घाबरू नकोस, तिनं वाईट काही केलं नाही. तुझी वस्तू तुला परत केली. नको आहे तिला तुझं नाव.

आर्सेलिया : कार्ड मिळालं ना, मग झालं तर! मी जाते.

एलिएसेर : जा. पण संगणकात तू मेलेलीच आहेस. मेलेल्या बाईचं कार्ड घेऊन बालगृहात गेलीस, तर सोलला देतील का तुझ्या हातात? कागद लागणारच. आणि कागदावर मी काय लिहू? इथे आर्सेलिया नाही, तर कोण आहे?

आर्सेलिया : कार्मेन लिहा.

एलिएसेर : टकटक करून विचार.

आर्सेलिया : कार्मेन? कार्मेन मोस्केरा? नाही तर ब्लांका. ब्लांका किती छान नाव आहे, घे ना गं बाई. माझ्या आईचं देते, एउलालिया. तेही नको? भाऊ, हलतसुद्धा नाही पाणी.

एलिएसेर : सगळ्या गावाला ठाऊक आहे तू कुठलं नाव देत नाहीस ते.

आर्सेलिया : ते काढायचं नाही! सांगून ठेवते, ते तोंडातून काढायचं नाही!

एलिएसेर : मी कुठे काढलं?

आर्सेलिया : माझी युरानी जिवंत आहे. रोज तिच्या वाटणीची मक्याची अरेपा भाजते मी, आणि सकाळी कोंबड्यांना घालते. तिचं नाव या भिंतीवर लिहिलं म्हणजे मीच तिला मारलं. आई असून मारलं. म्हणून तर माझं नाव दिलं मेलीला. म्हटलं, घ्यायचं तर मला घे.

एलिएसेर : माहीत आहे मला. आणि सोल फोनवर काय विचारते तुला?

आर्सेलिया : आई कुठे आहे.

एलिएसेर : तू काय सांगतेस?

आर्सेलिया : कामाला गेलीय. ...परवा म्हणाली, आजी, तू खोटं बोलतेस. एवढीशी पोर. आणि खोटं बोलते म्हणाली, तरी फोन ठेवेना.

एलिएसेर : घे, पाणी पी. हे माझ्या बाटलीतलं आहे, घाबरू नकोस.

आर्सेलिया : भाऊ, या बाईला नदीतून तुम्हीच काढलंत ना?

एलिएसेर : मीच. आणि तू आजवर एकदाही विचारलं नाहीस ती कशी होती. बाकी सगळ्या विचारतात.

आर्सेलिया : वेणी होती?

एलिएसेर : होती.

आर्सेलिया : टोकाला काय बांधलं होतं?

एलिएसेर : जाळ्याचा दोरा. हिरवा.

आर्सेलिया : इथे सगळ्याच बांधतात जाळ्याचा दोरा. ओतिलियाच्या पोरीही बांधतात.

एलिएसेर : बांधतात. ती युरानी आहे असं मी म्हणत नाही. नदी चेहरा ठेवत नाही, आर्सेलिया. मला खरंच माहीत नाही, आणि तुलाही कधी कळायचं नाही. मी एवढंच सांगतो, ही कुणाची तरी पोर आहे. ती तुझ्या घरापर्यंत आली, तुझं कार्ड घेऊन इथे आली, का? तू यावंस म्हणून.

आर्सेलिया : त्या ऑफिसातल्या पोराला माझ्या मागे कुणीतरी दिसत होतं. ताई म्हणाला तो. म्हातारी नाही म्हणाला. ताई.

एलिएसेर : हं.

आर्सेलिया : लिहा कागदावर.

एलिएसेर : काय लिहू?

आर्सेलिया : तुम्हाला माहितीय. लिहा, शिक्का मारा आणि तिकडे तोंड करून उभे राहा. मला रडताना बघायचं नाही कुणी.

एलिएसेर : लिहितो. तू टकटक कर.

आर्सेलिया : युरानी. ऐकतेस ना गं? युरानी मोस्केरा. आई आलीय. हे घे तुझं नाव, तुझंच आहे, दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं मी. जपून ठेवलं होतं गं. रागावू नकोस. मला उशीर झाला, मला धीर होत नव्हता. शुक्रवारी सोलला आणते हं. तिला सांगेन, ही बघ आई. तुझ्यासारखीच वेणी घालते म्हणे ती, मी अजून पाहिली नाही.

एलिएसेर : आर्सेलिया.

आर्सेलिया : बोलू द्या हो मला जरा.

एलिएसेर : आर्सेलिया, पेला बघ.

आर्सेलिया : रिकामा झालाय हो.

एलिएसेर : आत्ता काठोकाठ होता. मी पाहिला होता.

आर्सेलिया : मग उभे काय राहिलात, भाऊ? भरा पुन्हा. केव्हाची तहानलेली आहे माझी पोर.