भिस्त्याचा चिल्ला

मंडळी, ऐका! देवाच्या वाटेवर आपण कुठवर आलो, हे ओळखायचं कसं? माळ झिजली त्यावरून? का गुडघे झिजले त्यावरून? सांगा की! — गप्प! बरं झालं, मला बोलायला वाव मिळाला!

सूफींनी या वाटेचे चार मुक्काम सांगितलेत. शरियत — नेमानं वागा. तरीकत — गुरूचं बोट धरा. मारिफत — आतून त्याला ओळखा. आणि हकीकत — तिथं 'मी' उरत नाही, तोच उरतो!

तर डोंगरावर शेख मुबारकबाबांचा मठ. तिथं लतीफ भिस्ती. कातड्याची मसक पाठीवर, खालच्या विहिरीचं पाणी वरच्या हौदात! नमाजाआधी सगळे त्याच पाण्यानं हातपाय धुणार. वीस वर्षं हेच काम! तीन मुक्काम मागं टाकले, अशी लतीफची पक्की खात्री. शेवटच्यासाठी बाबा म्हणाले, "चिल्ला कर. चाळीस दिवस कोठडीत, एकटा, नामात. उंबरा ओलांडलास तर पुन्हा पहिल्यापासून!"

बसला गडी! एकोणचाळिसाव्या दिवशी, भर दुपारी, दाराबाहेर — धप्प! आणि बायकोचा, मेहरूनचा आवाज, "या अल्ला!"

लतीफ चरकला. उठावं? पण एकच दिवस राहिला होता हो! त्यानं डोळे गच्च मिटले आणि नाम मोठ्यानं सुरू केलं. — हसताय काय? घरातून हाक आली की तुमची पूजेची घंटी नाही जोरात वाजत?

दुसऱ्या दिवशी चिल्ला पुरा! लतीफ ताठ मानेनं बाबांपुढं उभा. बाबांच्या हातात खिरका — फकिरीचा ठिगळांचा झगा, तो गुरूनंच चढवायचा.

"लतीफ, चाळीस दिवस हौद कोणी भरला रे?"

वीस वर्षं पाणी वाहिलेला भिस्ती, आणि पाण्याचा विचार एकदाही मनात आला नाही!

बाबांनी बोट दाखवलं. हौदापाशी मेहरून. गुडघ्याला चिंधी, पाठीवर मसक. लतीफ धावला.

"मेहरून... काल मी ऐकलं होतं गं."

"ठाऊक आहे. तुमचा आवाज वाढला ना, तेव्हाच कळलं."

लतीफ ढसाढसा रडला. तिच्या पाठीवरची मसक आपल्या पाठीवर घेतली आणि म्हणाला, "बाबा, खिरका हिला घाला!"

बाबा हसले, "आत्ता वाटेला निघालास बघ!"

मंडळी, तुम्ही इथं सतरंजीवर ऐसपैस बसलात. मागं चुलीपाशी प्रसादाची कणीक कोण मळतंय? त्यांच्या कानावर यातलं अक्षर तरी पडलं का? उठा चौघंजण, परातीला हात लावा, त्या बायांना इथं पुढं आणून बसवा! कीर्तन संपल्यावर नाही — आत्ता! मी थांबतो.