फाग मागायला आलेला ढोल

— बसा ना, तोतारामभाऊ. उन्हाचे आलात. निंबा पाटलांनी पाठवलं म्हणता — दादर ज्वारी कापणीला आलीये, शेतावर जागल्या नाही, बिजलाला बोलाव. बरोबर आहे. माझा बापही त्यांच्याच शेताचा जागल्या होता.

होळीला झालं ते भीतीनं झालं म्हणता? असेल. इंग्रज जाणार, मग राज्य कोणाचं — बठ्ठा गाव तेच बोलायचा. डोंगरातून धाड येईल म्हणे. पाटील मला म्हणाले, "बिजला, तू मना भाऊ शेस, एवढं काम कर." नरडाण्याला स्टेशनाबाहेर एका माणसानं बंदूक दिली — ठासणीची, चोरटी. मी गवताच्या भाऱ्यात घालून आणली. भिल्लाचा भारा कोण उचकटतो? मला वाटलं, धाड आली तर पाटील नि मी, दोघं मिळून हाकलू. कोणाची धाड, ते विचारलंच नाही. पाटलाला काय विचारायचं?

मग होळी आली. आमची माणसं दरसाल पाड्यावरून उतरतात — तोंडाला रंग, कमरेला घुंगरं — ढोल वाजवत दारोदार फाग मागतात. पाटलीणबाई, वच्छलाबाई, सुपात गूळदाणे घेऊन उभ्या राहायच्या. तुम्हीही दिलाय की फाग, भाऊ, हसत हसत. यंदा ढोल वेशीत आला आणि पाटलांच्या ओट्यावरून बार निघाला. माझा जावई पुन्या पुढं नाचत होता. धाड म्हणजे आम्ही, हे मला तिथं कळलं.

तरी जमादार आला तेव्हा मी म्हणालो, पुन्या दरडीवरून पडून मेला. माती होऊन गेली होती, पाहणार काय तो? पाटलांचं नाव नको यायला, म्हणून म्हणालो. माझी रुपली, पुन्याची बायको, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आणि जमादार हसला. म्हणाला, "तुझ्या पाटलानं तर सांगितलं — धाड भिल्लांची, बंदूक भिल्लांची, त्यांच्याच हातून बार उडाला." ढोलवाले चौघं धुळ्याला तुरुंगात नेले. मला मात्र सोडवलं पाटलांनीच. 'आमचा माणूस आहे' म्हणाले. दादर उभी होती ना.

राग नाही, भाऊ. राग आला असता तर बरं होतं, रात्री झोप तरी लागली असती. उद्या रुपलीला घेऊन धुळ्याला जातो — बंदूक कोणाच्या डोक्यावरून आली, कोणाच्या ओट्यावरून उडाली, दोन्ही सांगतो. मलाही आत टाकतील. टाकू देत —

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. सांगून गेलो. जा, कळवा पाटलांना. उठा आता. रुपली पाणी घेऊन येईल, तिच्यासमोर तुम्ही नको.