मध्यमावर उभं राहायचंय

मंडळी, मला इथे बोलायला बोलावलेलं नाही. गायला बोलावलंय. तरी मी बोलतोय, कारण बोलेन तेवढा वेळ गावं लागणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाच्या लक्षात आलं तर मला ओशाळं व्हायला नको.

तुम्ही सगळे लांबलांबून आलात. श्रीरामपूरचे आहेत, नेवाशाचे आहेत, सावेडीतले बाईंचे शेजारी आहेत. पुढे मालतीबाईंचा हार घातलेला फोटो आहे. मी त्या फोटोकडे बघत नाहीये. बघितलं तर बोलणंही थांबेल.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगतो. मी याकोब. पुणतांब्यात शिलाईचं दुकान आहे, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. वय एकाहत्तर. मालतीबाईंकडे मी गाणं शिकायला गेलो तेव्हा साठी ओलांडली होती. त्याआधी मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी गायचो, पण ते दहाजणांत. दहाजणांच्या आवाजात आपला आवाज कसा लपवायचा, हे मला फार चांगलं येतं. एकट्यानं गायचो ते फक्त दुकानात, मशीन चालू असताना, म्हणजे गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये.

माझा गुरू म्हणजे एक कॅसेट. भीमपलास रागाची. कुण्या जुन्या बुवांची होती, वरचं नाव पुसून गेलेलं. बाजारात जुन्या सामानात मिळाली. तीस वर्षं ऐकली. एकदा फीत अडकली, पेन्सिल घालून गुंडाळली, पुन्हा ऐकली. त्यात एका जागी बुवा मध्यमावर, म्हणजे 'म'वर, येऊन थांबायचे आणि तो सूर हळूच खाली बसायचा, मग सावरून वर यायचा. मला वाटायचं, बुवांना इथे रडू आलंय. माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. ती जागा मी अशी घोटली, अशी घोटली की विचारू नका.

पहिल्या दिवशी बाईंसमोर मी तेच गायलो. डोळे मिटून, अगदी भाव ओतून. त्या जागेवर आलो आणि बाई म्हणाल्या, थांबा मास्तर, हे कुठनं आणलंत? पुढच्या गुरुवारी मी कॅसेट घेऊन गेलो. बाईंनी ऐकली. आणि मंडळी, बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. बुवा रडत नव्हते. फीत ताणली गेली होती. तीस वर्षं मी ताणलेली फीत गात होतो.

मग त्यांचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि हसणं थांबलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, टेपचं रडणं टेपला द्या. तुमचं कुठाय?"

माझं म्हणजे काय, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

सहा महिने त्यांनी मला मध्यमावर उभं केलं. नुसता मध्यम. खाली बसायचं नाही, वर पळायचं नाही. पाचएक मिनिटं झाली की त्या तानपुऱ्याचं यंत्र बंद करायच्या आणि म्हणायच्या, आता धरा. यंत्र बंद झालं की माझा हात आपोआप त्याच्या बटणाकडे जायचा.

दरवर्षी गुरुपौर्णिमेला शिष्यांचं गाणं व्हायचं. चार वर्षं मी ते चुकवलं. एकदा घसा, एकदा दाढ, एकदा लग्नसराईची शिलाई. गुरुपौर्णिमेला कुठली हो लग्नसराई? बाईंना सगळं कळायचं. पाचव्या वर्षी बसलो. माझं नाव पुकारलं, तानपुरा लागला, तबलजी माझ्याकडे बघत थांबले. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. कमी आला असं नव्हे, आलाच नाही. समोर पन्नास माणसं आणि माझ्या तोंडात कापूस. मी म्हणालो, पाणी पिऊन येतो, आणि उठलो तो थेट एसटी स्टँडवर.

तुमच्यातले काहीजण तेव्हा होते. तुम्ही मला कधी त्यावरून बोलला नाहीत, याचे उपकार आहेत.

स्टँडवर बाकड्यावर बसलो होतो. श्रीरामपूरची गाडी लागायची होती. तेवढ्यात स्कूटरवरून बाई आल्या. रेशमी साडी, केसांत गजरा. त्यांचं स्वतःचं गाणं शेवटी होतं. शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, मास्तर, तुमच्या पायांतल्या चपला तबलजींच्या आहेत. मी खाली बघितलं. खरंच होत्या.

मला वाटलं, आता समजूत घालतील. तुम्हाला येतं, घाबरू नका, असं काहीतरी. तसं काही नाही. त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला. मंडळी, तो हात बर्फासारखा गार होता. बाहेर उकाडा, आणि हात असा.

त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली. अजून जात नाही."

आता मी तुम्हाला एक विचारतो. बाई गायला बसल्या की त्यांच्याजवळ वाफाळत्या पाण्याचा स्टीलचा पेला असायचा. तुम्ही सगळ्यांनी तो बघितलाय. तुमच्यातल्या कुणी त्यांना त्यातला एक घोट तरी घेताना बघितलंय का? आठवा. नाही ना? तो पेला घशासाठी नव्हता. तो हातांसाठी होता. पडदा उघडेपर्यंत त्या तो दोन्ही हातांत धरून बसायच्या. तुम्ही म्हणायचात, बाई किती शांत बसतात. त्या शांत नव्हत्या. त्या हात शेकत होत्या.

मी विचारलं, बाई, मग तुम्ही गाता कशा? त्या म्हणाल्या, भीतीला शेजारी बसवते आणि सा लावते. तिला घालवत बसलं तर बैठक संपून जाते.

मी परत गेलो. चपला दिल्या. पण गायलो नाही. मागच्या रांगेत बसून बाईंना ऐकलं. त्यानंतरही कुठे गायलो नाही. क्लासात गायचो, त्यांच्या बोटाकडे बघत. गुडघ्यावर त्यांचं एक बोट हलायचं. ते हलतंय तोवर सगळं ठीक आहे, असं मला वाटायचं. माणसांसमोर एकटा गायलेला नाही, ते आजपर्यंत.

मागच्या महिन्यात दवाखान्यात भेटायला गेलो. आवाज खोल गेला होता. बाईंनी नीलमला, त्यांच्या मुलीला, जवळ बोलावलं आणि सांगितलं, माझ्यामागे भाषणं नकोत. मास्तर गातील. मी म्हणालो, बाई, असलं बोलू नका. त्यांनी ऐकलंच नाही. म्हणाल्या, भीमपलास. सभा चारला ठेवा, म्हणजे रागाची वेळ सापडेल. मी हो म्हणालो. का म्हणालो? वाटलं, हो म्हटलं की विषय संपेल, त्या बऱ्या होतील आणि कुणालाच काही गावं लागणार नाही. पळायची हीसुद्धा एक तऱ्हा झाली.

त्या गेल्या त्याला आज बारावा दिवस. बारा दिवस माझा जीव थाऱ्यावर नाही. परवा एका बाईच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. माझी बायको रूथ म्हणाली, "एवढं भ्या वाटतंय तर नका जाऊ. बाई काय बघाया येनार हायेत व्हय?"

तेच तर आहे, रूथ. त्या बघायला येणार नाहीत. ते बोट गुडघ्यावर हलणार नाही. मी बघू कुणाकडे? आवाज आला नाही तर स्टँडवर कोण येईल? मघाशी आत येताना मी माझ्या चपला कुठे काढल्या ते नीट बघून ठेवलंय. खोटं कशाला सांगू? पळायची तयारी करूनच आलोय.

पण आत आलो आणि नीलमनं हा पेला हातात दिला. बाईंचाच आहे. काठाला पोचा आलाय. पाणी गरम आहे. एवढा वेळ मी तो धरून उभा आहे आणि माझे हात अजून गार आहेत. म्हणजे बाई सांगत होत्या ते खरं. जात नाही.

बरं. आता बसतो. नीलम, तानपुरा लाव. थोड्या वेळानं मी खूण करीन, तेव्हा बंद कर. बाई करायच्या तसा.

मंडळी, दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायची आपली रीत आहे. आज बसूनच पाळा. तानपुरा बंद झाला की मी मध्यमावर येईन, तेवढा वेळ कुणी खोकू नका, कुणी वाहवा म्हणू नका, आणि संपल्यावर टाळी नको. मी तिथे उभा राहायचा प्रयत्न करीन. उभा राहिलो तर ते बाईंचं. आणि मध्येच सूर खाली बसला, तर समजून घ्या, आज फीत ताणलेली नाही.

बाई, नमस्कार करतो. सा लावतोय.