जनार्दनच्या शेडमधली चहाची बेल

आदर्श उद्योजक वगैरे शब्द माझ्यासमोर काढू नका, मला सातपूरचा जनार्दन आठवतो. दुसऱ्याच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसखाली त्याची दोन बोटं गेली होती. म्हणून स्वतःची शेड टाकल्यावर त्यानं नियमच केला, की दुपारी बेल झाली की सगळ्यांनी मशीन बंद करून बाहेर चहाला बसायचं. दमलेला हातच प्रेसखाली जातो, म्हणायचा.

स्वतः मात्र आतच, मशीनवर. फोरमन शिंदे हाक मारायचा, "शेठ, बेल झाली."

"ती तुमच्यासाठी रे. मालकाला कसली सुट्टी?"

छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर त्यांनाही हेच उत्तर.

एका दुपारी बेल झाली, सगळे बाहेर जाऊन बसले. आत जनार्दन कोसळला, तेव्हा जवळ कुणीच नव्हतं.

शोकसभेचे अध्यक्ष मोठे कारखानदार. म्हणाले, "जनार्दनराव शेवटच्या क्षणापर्यंत मशीनवर उभे होते. कामगारांनी हा आदर्श घ्यावा."

मागून शिंदे उठला. "साहेब, आम्हाला तर ते बाहेर बसवायचे. तुमच्या कारखान्यात बेल आहे का?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.