दुसरी गुंडी

मायबाप हो, भावांनो, बायांनो. सोमाबाईसाठी साऱ्या ढिवर मोहल्ल्यानं आज जाळी वाळत टाकली अन् इथी जमले. पंच म्हणून मले बोलाले उभं केलं. पण जीभ उचलत नाई. काऊन उचलत नाई, ते सांगतो.

बाई वैनगंगेच्या रेतीत झिरा उकरे. ऊन वाढलं का खड्डा खोल जाय. वाटी वाटीनं पाणी उपसून पितळेची गुंडी भरे, डोक्यावर घरी आणे. त्या झिऱ्यापाशीच तिले ऊन लागलं. तिचा लेक किसन मले म्हणे, "भाऊ, माय आडवी पडली होती, पण गुंडी उभी होती. काठोकाठ भरलेली."

गावात विहीर असून म्हातारी नदीत काऊन जाय?

स्वराज्य आलं, सरकारनं विहीर मंजूर केली. तवा बाई म्हणे, "भाऊ, मोहाच्या झाडाखाली खोदा. तिथी गोडं पाणी हाये." मी ऐकलं नाई. पंचाच्या दारी विहीर पाहिजे ना! दारापुढं खोदली. पाणी लागलं, पण खारं. बाईनं एक घोट घेतला अन् थुंकला. म्हणे, "या पाण्यात दाळ शिजणार नाई."

मले लय राग आला. गावभर सांगत फिरलो, माझ्या घरी याच विहिरीवर दाळ शिजते, लोण्यासारखी. खोटं नव्हतो सांगत, शिजतच होती! तुमची शिजली नाई तर म्हणालो, तुमच्या बायकाइले रांधता येत नाई. तुम्ही ते खारं पाणी पेत राह्यले. लेकरांची पोटं दुखत राह्यली. अन् बाई? माझ्या तोंडाकडे पाहे अन् हसे.

बाई गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात दाळ आली. कच्ची, दाणा दाणा वेगळा. मी बायकोवर खेकसलो. तिनं पदर डोळ्याले लावला. म्हणे, "आता कुठून शिजन? पाणी आणणारी गेली."

बाई दोन गुंड्या आणे, मायबाप हो. एक तिच्या घरची. दुसरी माझ्या मागच्या दारी ठेवे. माझ्या बायकोनं मांगितलं होतं. बाई तिले म्हणे, "भाऊले सांगू नको वो. चारचौघांत नाक कापलं जाईन त्याचं."

दुसरी खेप नसती, तर बाई त्या उन्हात असती का? सांगा ना कोणी! मले झोप येत नाई.

उद्या मोहाखाली पहिली कुदळ मी मारीन. बाईले आता त्याचा काय उपयोग? काई नाई.

उठा, उभे राहा. माझं नाक राहावं म्हणून बाई वर्षभर चूप राह्यली. तिच्यासाठी आपण दोन मिनिटं चूप राहू.