ताईची लस

लसीकरणाच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक तान्ह्या मुलीला घेतलेली तरुण आई आणि दुसऱ्या, पणतूला मांडीवर घेतलेल्या आजी.

"आजी, आजचं इंजेक्शन कसलं हो?"

"डांग्या खोकल्याचं. माझ्या ताईने शोधून काढलेलं."

"सख्ख्या ताईने?"

"अगदी सख्ख्या! आमचा धाकटा भाऊ त्या खोकल्याने गेला, तेव्हापासून तिने ध्यासच घेतला. दारोदार हिंडायची, खोकणाऱ्या पोरांच्या तोंडापुढे काचेची बशी धरायची, जंतू पकडायला. लोक दार लावून घ्यायचे."

"मग जमलं कसं?"

"अकरा वर्षं प्रयोगातले उंदीर मरत होते नि प्रयोगशाळेतले साहेब हसत होते. बाराव्या वर्षी उंदीर जगले. मग पहिली सुई तिने स्वतःला टोचली, दुसरी मला."

"घाबरला नाहीत?"

"घाबरले की! दंड टम्म सुजला. पण पुढच्या साथीत तिची लस घेतलेलं एकही पोर दगावलं नाही."

"बाई गं! पण हा खोकला ऐकायला असतो कसा? मी कधी ऐकलाच नाही."

"थांब, थांब. तिला फोन लावते. ताई, इथे एक पोरगी बसलीय बाळाला घेऊन. विचारतेय, डांग्या खोकला ऐकायला कसा असतो. कधी ऐकलाच नाही म्हणते. हो गं, खरंच!"

"काय म्हणाल्या?"

"म्हणतेय, तिला पुन्हा सांगायला लाव. घे, बोल."

"आजी, मी कधीच ऐकला नाही!"

"मोठ्याने बोल. नव्वदीची आहे ती."

"कधीच नाही ऐकला!"